दिवा लागतो, तरी तार उलटी असते

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात नेरी, भिसी, शंकरपूरकडच्या शेतकऱ्याला फेजचा क्रम बदलला हे कळायला कुणा इंजिनीअरची गरज पडत नाही. पावसाळ्याआधीच्या वादळात झाड पडून लाइन तुटते, लाइनमन येऊन तारा पुन्हा ओढतो, घाईत डीपीजवळ दोन फेज इकडचे तिकडे होतात आणि वीज आली की त्या डीपीवरच्या साऱ्या थ्री फेज मोटारी उलट्या फिरू लागतात. घरघर तीच असते, पण पाइपातून पाणी येत नाही, आलेच तर त्याला जोर नसतो. शेतकऱ्याला खूण पटते. स्टार्टरमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा मिस्त्रीकडून बदलून घेतल्या की मोटर सुलट होते. त्याच माणसाच्या घरात फेजच्या जागी न्यूट्रल आणि न्यूट्रलच्या जागी फेज गेला, तर मात्र कुणाच्याही ते लक्षात येत नाही. बल्ब तेवढाच उजेड देतो, पंखा त्याच बाजूने फिरतो, टीव्ही नेहमीसारखा लागतो. शेतातली चूक पाण्याच्या धारेतून लगेच बोलते, घरातली चूक वर्षानुवर्षे मुकी राहते. माझे म्हणणे असे की ही मुकी चूक शेतातल्या चुकीपेक्षा कितीतरी घातक आहे, आणि दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर झाली ही जी कसोटी आपण घरोघर लावतो, ती कसोटीच नव्हे.

हे पटण्यासाठी सुरुवात डीपीपासून करावी लागते. गावाच्या कडेला दोन खांबांमध्ये बसवलेल्या रोहित्राला सगळे डीपीच म्हणतात. त्यात ११ हजार व्होल्टची लाइन येते आणि गावासाठी चार मुख्य तारा बाहेर पडतात, तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. प्रत्येक फेजचा दाब सेकंदाला ५० वेळा वर चढतो, उतरतो, शून्याच्या खाली जातो आणि परत येतो. तिन्ही फेज हेच करतात, पण एकाच क्षणी करत नाहीत. एका उखळात तिघीजणी धान कांडत असल्या तर गती तिघींची सारखी असते, पण मुसळे एकदम पडत नाहीत, एकीमागून एक पडतात. तसेच इथे एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक फेज आधीच्या फेजच्या ६.७ मिलिसेकंद मागून चालतो. मोटारीला फिरायची दिशा मिळते ती या क्रमातून. क्रम उलटला की दिशा उलटते. घरात येणारा फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात. दोन फेजांमध्ये मात्र त्याच्या दुप्पट, म्हणजे ४६० नसतात, ४०० च्या आसपास असतात. एकाचे शिखर आणि दुसऱ्याचा तळ नेमके एका वेळी येत नाहीत, याचा हा आकड्यातला पुरावा. आपल्या बहुतेक घरांत या तीनपैकी एकच फेज येतो, त्यामुळे घरातल्या माणसाला क्रमाशी काही कर्तव्य नसते. त्याचा संबंध वेगळ्या गोष्टीशी आहे. दोन तारांपैकी कोणती तार कोणत्या जागी आली आहे, याला तंत्राच्या भाषेत पोलॅरिटी म्हणतात.

इथे शिकलेल्या माणसाकडूनच पहिला आक्षेप येतो. अल्टरनेटिंग करंटला कुठले आले प्लस आणि मायनस? प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, मग उजवी तार डावीकडे गेली काय आणि राहिली काय? बल्बपुरते हे अगदी बरोबर आहे. बल्बला दोन टोकांमधला फरक तेवढा कळतो, आणि अदलाबदलीने तो फरक बदलत नाही. पण डीपीमध्ये एक गोष्ट मुद्दाम केलेली असते. तिन्ही फेजांच्या गुंडाळ्यांची एकेक टोके जिथे एकत्र बांधलेली असतात तिथून न्यूट्रल निघतो, आणि तोच बिंदू डीपीखाली जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडलेला असतो. त्यामुळे न्यूट्रल आणि जमीन जवळपास एका पातळीवर राहतात आणि फेज दोघांपासूनही २३० व्होल्ट दूर जातो, शिखरावर तर ३२५ व्होल्ट. बल्ब जमिनीवर उभा नसतो, माणूस असतो. दोन तारा बल्बला सारख्या असल्या तरी माणसाला सारख्या नाहीत, आणि घरातल्या पोलॅरिटीचा सारा अर्थ या एका फरकात आहे. ती प्लस कुठे आणि मायनस कुठे याची चौकशी नव्हे, जमिनीला बांधलेली तार कुठली आणि न बांधलेली कुठली याची ती चौकशी आहे.

जमीन ही खरोखरच परतीची वाट असते, याचा दाखला चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांनी फार महागात पाहिला आहे. रानडुकरे पीक उकरून टाकतात म्हणून काही शेतकरी लाइनवर आकडा टाकून किंवा मोटारीच्या जोडणीतून एकच तार घेतात आणि रात्री शेताच्या कुंपणात सोडतात. न्यूट्रल घेत नाहीत, कारण लागतच नाही. कुंपणाला जो शिवेल त्याच्या अंगातून प्रवाह जमिनीत उतरतो आणि मातीतून डीपीच्या अर्थिंगकडे परत जातो. चिमूरला लागूनच असलेल्या नागभीड परिसरात एप्रिल २०१७ मध्ये ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ अशाच कुंपणाने मेला. असे वाघ या पट्ट्यात त्याआधीही मेले आणि नंतरही, आणि शेतावर जाणारी माणसेही मेली आहेत. यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. इतके होऊनही डीपीवरचा फ्यूज उडत नाही. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बला लागतो त्याहूनही कमी. हृदयाची लय बिघडवायला ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तरी पुरतो. फ्यूज असतो तारेला वाचवण्यासाठी, आणि तार पाव अँपिअरने कधीच जळत नाही. पिकाची राखण हा प्रश्न खराच आहे, त्याला हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. पण त्याचे उत्तर झटका मशीन हे आहे. त्यात दाब हजारो व्होल्टचा असला तरी सुमारे सेकंदाला एकदा, तोही एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळ, अगदी थोड्या ऊर्जेचा ठोका येतो. जनावर दचकून मागे होते, मरत नाही. लाइनवरचा फेज ठोका देत नाही, तो धरून ठेवतो.

मग न्यूट्रल जमिनीला बांधायचाच कशाला, असा दुसरा आक्षेप सुचतो, आणि तो हुशारीचा आहे. न्यूट्रल मोकळा ठेवला तर कुठल्याही एका तारेला हात लागला तरी जमिनीतून परतीची वाट राहणार नाही. काही रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत हीच पद्धत वापरतात, पण तिथे तारा अगदी थोड्या लांबीच्या असतात आणि एखादी तार जमिनीला टेकली की लगेच इशारा देणारे यंत्र लावलेले असते. गावभर पसरलेल्या उघड्या तारांवर ते शक्य नाही. कुठेतरी फांदी घासणार, कुठेतरी खांबावरची चिमणी (इन्सुलेटर) फुटणार आणि एक तार जमिनीला टेकणार. ती कुणाला कळणार नाही, कारण काहीच बिघडलेले दिसणार नाही. त्या क्षणापासून दुसरी तार पूर्ण जिवंत झालेली असेल, आणि कोणती ते कुणालाच ठाऊक नसेल. शिवाय रोहित्राच्या आत ११ हजार व्होल्टची बाजू घराच्या बाजूला चिकटली, तर मोकळ्या न्यूट्रलमुळे तो दाब थेट घरात येईल. म्हणून न्यूट्रल बांधणे अटळ आहे, आणि तो बांधला की दोन तारांची जबाबदारी वेगळी होते. ही वेगळी जबाबदारी खांबापासून बल्बच्या होल्डरपर्यंत पाळली गेली पाहिजे.

ती पाळली नाही तर काय होते, हे चिमूरच्या मे महिन्यात पाहावे. जिल्ह्याचा पारा ४६, ४७ वर जातो आणि दारोदार लोखंडी पत्र्याचे कूलर लागतात. पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, पाण्यात बुडवलेला छोटा पंप, बाजूला ओली फरशी आणि अनवाणी पाय. विजेचा धक्का बसण्यासाठी इतकी अनुकूल वस्तू आपल्या घरात दुसरी नाही, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. लोकांना सांगितलेले असते की पाणी भरण्याआधी कूलर बंद करा. लोक ऐकतातही. पण कूलरचा स्विच एकच तार तोडतो. ती फेजची असेल तर स्विच बंद झाल्यावर पंप मेलेला असतो. पोलॅरिटी उलटी असेल तर स्विच न्यूट्रल तोडतो. पंप थांबतो, पंखा थांबतो, सगळे शांत होते, आणि पंपाच्या गुंडाळीत आतपर्यंत २३० व्होल्ट तसेच बसलेले असतात. गुंडाळीचे इन्सुलेशन जुने झाले असेल तर पाणी आणि पत्रा दोन्ही जिवंत. बादली घेऊन येणारी बाई स्विच बंद करून आली आहे, म्हणजे तिने सांगितले ते सगळे केले आहे. उलट्या पोलॅरिटीत मला सर्वांत संताप येण्यासारखी गोष्ट वाटते ती हीच की तिचा फटका निष्काळजी माणसाआधी काळजी घेणाऱ्याला बसतो. भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच बंद केला तरी उपयोग नाही, कारण सगळ्या घराचीच तार उलटी असेल तर तो स्विचही न्यूट्रलच तोडतो. दोन पिनचा प्लग असेल तर तो हवा तसा फिरवून घालता येतो, म्हणजे वायरिंग सुलट असूनही निम्मी शक्यता उलटेपणाची. म्हणून पाणी भरताना प्लग उपसूनच ठेवावा. ही सूचना नेहमीची आहे, पण तिच्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते, आणि कारण माहीत नसले की सूचना पाळण्याचा कंटाळा येतो.

बल्बचेही तसेच. आपल्याकडच्या होल्डरमध्ये दोन पिना असतात. स्विच बंद करून स्टुलावर चढलेल्या माणसाने होल्डरमध्ये बोट घातले, तर सुलट जोडणीत काही होणार नाही, उलट्या जोडणीत धक्का बसेल, आणि धक्क्यापेक्षा खाली पडल्याने जास्त मार लागेल. स्विच बंद केल्यावरही एलईडी बल्ब अंधारात मंद उजळत राहतो, हे अनेक घरांत दिसते. त्याचे कारण कधी स्विचमधला छोटा दर्शक दिवा असतो, कधी लांब समांतर तारांचा परिणाम, पण कितीदा तरी स्विच न्यूट्रलवर बसलेला असतो. एरवी मुकी असलेली ही चूक एलईडीमुळे थोडी बोलू लागली आहे. आपण मात्र बल्ब खराब निघाला म्हणून दुकानदाराकडे बदलून घेतो.

तिसरा आक्षेप घरात नवे बोर्ड बसवलेल्यांचा असतो. एमसीबी आहे, अर्थिंगही आहे, मग काळजी कसली? एमसीबीचे काम फ्यूजसारखेच, तारेतून जास्त प्रवाह गेला की तोडायचे. छोट्या घरांत ती बहुधा एकाच तारेवर असते. पोलॅरिटी उलटी असली तर एमसीबी न्यूट्रलवर बसते आणि फेजची तार कुठल्याही पहारेकऱ्याशिवाय घरभर फिरते. त्या तारेतून पत्र्यात आणि पत्र्यातून जमिनीत जाणारा प्रवाह एमसीबीतून जातच नाही, तिला कळणार कसे? जुन्या घरांत किटकॅट फ्यूज फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात आणि तरीही प्रत्येक सॉकेट जिवंत. म्हणूनच १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून जमिनीला बांधलेल्या न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच लावायला मनाई आहे. अर्थिंगचे म्हणाल तर तिचा भरवसा जमिनीच्या ओलाव्यावर असतो. घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे असे धरा. पत्र्याला फेज चिकटला तर जमिनीत सुमारे साडेअकरा अँपिअर जातील, आणि १६ अँपिअरची एमसीबी ते निमूट वाहू देईल. पत्रा जिवंतच राहील. मुरमाड जमिनीत, मे महिन्यात, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात वर्षभर पाणी घातलेले नसेल, तर रोध २० वरही थांबणार नाही.

या ठिकाणी एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. आरसीसीबी नावाचे उपकरण या सगळ्यावरचा चांगला उपाय आहे, आणि ते पोलॅरिटीच्या चुकीवर अवलंबून नाही. ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह एकमेकांशी ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गळू लागला, की ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दोन्ही तारा तोडते. उलटसुलट त्याला सारखेच. घरकुलाच्या छोट्या घरातसुद्धा दुसरा एखादा खर्च मागे ठेवून आरसीसीबी बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यामुळे पोलॅरिटीचा मुद्दा निकालात निघत नाही. आरसीसीबी धक्का बसू लागल्यावर तोडते, सुलट जोडणीत बंद स्विचमागे धक्का बसायचे कारणच उरत नाही. शिवाय ज्या घरात वायरिंगमध्ये दोष असतो तिथे ती सारखी पडते, आणि सारखी पडते म्हणून तिला वगळून थेट तारा जोडून दिल्या जातात. ज्या घराला तिची सर्वाधिक गरज, तिथूनच ती आधी काढली जाते.

सर्वांत भक्कम आक्षेप युरोपातून येतो. जर्मनीसह तिथल्या बऱ्याच देशांत भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग दोन्ही बाजूंनी घालता येतो. फेज कुठल्या पिनेवर येईल याची खात्री नसते, आणि तरीही तिथे माणसे पटापट मरत नाहीत. मग आपणच एवढा आग्रह का धरायचा? याचे कारण असे की त्यांनी पोलॅरिटी अनिश्चित राहणार हे आधीच गृहीत धरले आणि बाकीची व्यवस्था त्यावर उभी केली. सॉकेट खोलगट, म्हणजे अर्धवट घातलेल्या प्लगच्या पिनेला बोट लागत नाही. अनेक उपकरणांचे स्विच दोन्ही तारा एकदम तोडणारे. सॉकेटच्या मंडलांवर आरसीसीबीसारखे रक्षक सक्तीचे. भिंतीतल्या पक्क्या वायरिंगमध्ये दिव्याचा स्विच फेजवरच ठेवण्याची शिस्त त्यांनीही सोडलेली नाही. आपण दुसरी वाट धरली. आयएस १२९३ या आपल्या मानकाप्रमाणे तीन पिनच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे छिद्र अर्थचे, समोरून पाहताना उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे. अर्थची पिन लांब, म्हणजे ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. स्विच एका तारेचे, स्वस्त, सुटसुटीत. ही वाट वाईट नाही. पण तिची सगळी सुरक्षितता फेज उजवीकडेच असेल या एका अटीवर टेकलेली आहे. अट मोडायची आणि स्विच मात्र एका तारेचेच ठेवायचे, म्हणजे दोन्ही पद्धतींमधले धोके आपल्या वाट्याला.

अमेरिकेतल्या घराची रचना पाहिली की फेज आणि पोलॅरिटी यांतला फरक आणखी उजळतो, आणि न्यू जर्सीतल्या किंवा टेक्ससमधल्या मराठी कुटुंबांना तो रोज उपयोगी आहे. तिथे घराला तीन फेज येत नाहीत. रोहित्राच्या एकाच गुंडाळीच्या मध्यावरून न्यूट्रल काढून तो जमिनीला बांधतात. गुंडाळीची दोन टोके म्हणजे दोन जिवंत तारा. मध्यापासून प्रत्येक टोक १२० व्होल्टवर, आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २४० व्होल्ट. तीन तारांची ही कल्पना एडिसनने १८८० च्या दशकात डायरेक्ट करंटसाठी, तांबे वाचवण्यासाठी, अमलात आणली होती. या दोन तारांमध्ये १८० अंशांचा फेजफरक आहे असे म्हणतात, पण तिथे वेळेचा उशीर कुठेच नाही. एक टोक ज्या क्षणी वर असते त्याच क्षणी दुसरे तितकेच खाली असते, कारण आपण एकच गुंडाळी मधोमध उभे राहून दोन्ही दिशांना पाहतो आहोत. हा चिन्हाचा फरक झाला, म्हणजे पोलॅरिटीचा. आपल्या तीन फेजांतला फरक मात्र खरोखर वेळेचा आहे. पटत नसेल तर मोटारीला विचारावे. तीन फेजांवर मोटर आपोआप एका दिशेला फिरते. अमेरिकन घरातल्या दोन तारांवर तसे होत नाही, कारण वर आणि खाली यांतून पुढे कोण आणि मागे कोण हे ठरत नाही. तिथेही पंख्याला कंडेन्सर लागतोच. हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी पुस्तकाशिवाय ओळखले होते. भारनियमनाच्या वर्षांत गावाला दिव्यांपुरता सिंगल फेज मिळायचा आणि पंपांचा थ्री फेज बंद असायचा, तेव्हा कंडेन्सर लावून हरवलेल्या तारेची जागा भरायची आणि त्यावर पंप चालवायचा, हा उद्योग महाराष्ट्रभर चालला. त्याने रोहित्रे जळाली, पण त्यामागचे निरीक्षण खरे होते. भारतातून नेलेला मिक्सर अमेरिकेत त्या २४० व्होल्टवर चालवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिथे दोन्ही तारा जमिनीपासून १२० व्होल्ट दूर असतात. मिक्सरचा एका तारेचा स्विच बंद केला तरी दुसरी तार जिवंत राहते.

दोन्ही देशांत सारखा असलेला धोका म्हणजे न्यूट्रल तुटणे. आपल्याकडे वादळात फेजऐवजी न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजांवरची घरे एकमेकांना मालिकेत जोडली जातात. एका घरात २०० वॅटचा कूलर आणि दुसऱ्यात २० वॅटचा एखादा दिवा असेल, तर ४०० व्होल्टची वाटणी समान होत नाही. ज्याचा भार हलका त्याच्या वाट्याला साडेतीनशेहून अधिक व्होल्ट येतात. म्हणून एकाच आळीत काही घरांत बल्ब मिणमिणतात आणि शेजारी टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जळतात. अमेरिकेत अशा वेळी २४० व्होल्टची वाटणी होते, प्रकार तोच. खांबावरून एकट्या घराचा न्यूट्रल सुटला, तर चालू असलेल्या उपकरणांतून फेज डावीकडच्या छिद्रात उतरतो आणि टेस्टर दोन्ही छिद्रांत उजळतो. अशा वेळी हातपंपाच्या नळीला किंवा अंगणातल्या सळईला तार बांधून दिवा लावून घेण्याची युक्ती सर्रास चालते. दिवा लागतो. त्याच वेळी हातपंपाच्या दांड्याला धरणाऱ्याच्या हातात काय येईल ते त्या दिवशी जमीन किती ओली आहे यावर ठरते. याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच अर्थचे टोक न्यूट्रलला जोडून ठेवणे. अर्थिंगचा खड्डा करायला नको म्हणून हे केले जाते आणि सुलट जोडणीत ते निभावूनही जाते. मग एखाद्या दिवशी खांबावर सर्व्हिस वायर पुन्हा जोडताना फेज-न्यूट्रल उलटतात, आणि त्या घरातल्या प्रत्येक तीन पिनच्या उपकरणाचा पत्रा थेट फेजला जोडला जातो. त्या घरात कुणीही काहीही चुकीचे हाताळलेले नसते.

म्हणजे पोलॅरिटी ही घर बांधताना एकदा तपासून मोकळे व्हायची बाब नाही. आतले वायरिंग निर्दोष असले तरी बाहेरून ती उलटू शकते. रंगांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पक्क्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थचा. उपकरणाच्या लवचीक केबलमध्ये मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. निळी तार एका ठिकाणी मारते आणि दुसऱ्या ठिकाणी मारत नाही, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असेलच असे नाही. म्हणून आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन परवाना घेतलेल्या माणसाकडून काम करून घेण्याला अर्थ आहे. तपासणी मात्र कुणालाही समजेल इतकी साधी आहे. सॉकेटचा स्विच चालू असताना टेस्टर उजव्या छिद्रात उजळावा, डाव्यात आणि वरच्यात उजळू नये. स्विच बंद केल्यावर उजव्यातही उजळू नये. डाव्यात उजळला तर काही उघडू नये, मुख्य स्विच बंद करून वायरमन बोलवावा. टेस्टर लावणाऱ्याच्या पायात जाड रबरी चप्पल असेल तर उजेड फिका पडतो आणि फसवतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर प्लगसारखा घालता येतो आणि काही शे रुपयांत मिळतो. तो फेज-न्यूट्रलची अदलाबदल दाखवतो, पण न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल त्याला ओळखता येत नाही, आणि सॉकेटच्या मागे दोघांना तुकड्याने जोडलेले असले तरी तो सगळे ठीकच सांगतो. त्यासाठी मुख्य बोर्डात न्यूट्रल सोडून मोजावे लागते आणि ते वायरमनचेच काम. ही पाहणी कूलर काढायच्या आधी एकदा आणि सर्व्हिस वायरला हात लागल्यावर प्रत्येक वेळी व्हावी. दुसऱ्या वेळची जबाबदारी घरमालकावर टाकणे मला योग्य वाटत नाही. ज्याने खांबावर जोडणी केली त्याला मीटरपाशी टेस्टर लावायला मिनिटभर लागतो. नवीन जोडणीसाठी चाचणी अहवाल मागितला जातो, तशी वादळानंतरच्या प्रत्येक दुरुस्तीच्या नोंदीत फेज कोणत्या टोकावर आला याची एक ओळ असायला हवी.